तारखेचा रकाना

क्रमवारी लावणाऱ्यांवर या सदराने आजवर पुरेशी आग पाखडली आहे. नियमित वाचक म्हणतील, आलं याचं पुन्हा सुरू. इलाज नाही. या आठवड्याचं निमित्त आहे इंग्रजी कल्पनारम्य महामालिकांचे चाहते. महामालिका म्हणजे जिच्यात ड्रॅगन असतात, जादू असते, एकमेकांच्या जिवावर उठलेली राजघराणी असतात, पहिल्या पानाआधी नकाशा आणि शेवटी शब्दसूची असते, आणि जी पाच-दहा-चौदा खंड चालते ती. तिचे दोन चाहते भेटले की तक्ता मांडतात. डावीकडे मालिकांची नावं, वर रकाने: कल्पित जगाची बांधणी, जादूचे नियम, पात्रं, भाषा, शेवट. प्रत्येकाला दहापैकी गुण, मग बेरीज, मग भांडण. भांडायला माझी ना नाही, भांडणं झालीच पाहिजेत. राग आहे तो तक्त्यावर, कारण त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना कुणी आखतच नाही. तो म्हणजे तारखेचा. कोणता खंड कधी आला, आणि गुण देणाऱ्याने तो कधी वाचला? हे विचारल्याशिवाय दिलेले गुण बऱ्याचदा पुस्तकाला नसतातच, प्रकाशनाच्या वेळापत्रकाला असतात, एवढंच मला आज सांगायचं आहे.

स्पर्धक कोण, ते आधी उरकून टाकतो. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’: १९९० ते २०१३, चौदा खंड आणि वर एक पूर्वकथा, सुमारे ४४ लाख शब्द. जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून पुरे केले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’, म्हणजे जिच्यावरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ निघालं ती: १९९६ ते २०११ मध्ये पाच खंड, ठरवलेले सात. स्टीव्हन एरिक्सन यांची ‘मलाझन’: १९९९ ते २०११, दहा खंड, काम फत्ते. पॅट्रिक रॉथफस यांची ‘किंगकिलर’: २००७ आणि २०११ मध्ये दोन खंड, तिसऱ्याच्या वाटेकडे डोळे. आणि या सगळ्यांच्या वर, दिवाणखान्यातल्या आजोबांच्या तसबिरीसारखे, टोल्किन.

आता जॉर्डन यांच्याकडे नीट पाहू. त्यांच्या चाहत्यांमध्ये ‘स्लॉग’ हा शब्द रूढ आहे. आपल्याकडे त्याला रखडपट्टी म्हणतात. साधारण सातव्या खंडापासून दहाव्यापर्यंतचा हा पट्टा, जिथे कथा जागची हलत नाही अशी तक्रार आहे. तक्त्यात जॉर्डन यांचे गुण इथेच कापले जातात. पण खंडांच्या तारखा एका ओळीत लिहून पाहा. पहिले सहा खंड १९९० ते १९९४ या पाच वर्षांत आले. सातवा १९९६, आठवा १९९८, नववा २०००, दहावा २००३. रखडपट्टी जिथून सुरू होते असं सगळे सांगतात, नेमकं तिथूनच दोन खंडांमधलं अंतर वर्षावरून दोन वर्षांच्या घरात जातं. दरवर्षी दिवाळीला येणारा पाहुणा अचानक एक दिवाळी सोडून यायला लागला, तर त्याच्या गप्पाही पूर्वीइतक्या रंगत नाहीत असं वाटायला लागतं. गप्पा कदाचित त्याच असतील, पण आपण मधल्या काळात फार काही ठरवून बसलेलो असतो.

यावर जाणकार चाहता लगेच दहावा खंड पुढे करील, आणि त्याचं बरोबर आहे. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते: पुरुषांच्या वाट्याच्या जादूला हजारो वर्षं लागलेलं विष धुऊन निघतं. दहाव्या खंडात कथा तिथून पुढे जायला हवी, ती मागे येते. वेगवेगळ्या ठिकाणची पात्रं दूर कुठेतरी काहीतरी भयंकर चाललंय हे जाणवून दचकतात, एक दचकतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि तोच दिवस शेकडो पानं पुन्हा पुन्हा उजाडतो. हा खंड संथ आहे, कॅलेंडर कितीही हलवलं तरी संथच राहील. मात्र या संथपणाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. २००३ च्या वाचकाने आधी दोन वर्षं वाट पाहिली, हाती हे आलं, आणि पुढच्या खंडासाठी पुन्हा २००५ उजाडावं लागलं. आज सगळे खंड ओळीने मांडून बसलेला वाचक तोच पट्टा आठवड्याभरात, थोडा कुरकुरत, ओलांडून जातो. पदार्थ एकच, दोघांची बिलं वेगळी. तक्त्यात मात्र दोघांनी ‘कथेची गती’ या एकाच रकान्यात गुण भरलेले असतात आणि कोण खरं बोलतंय यावर वाद घालतात. दोघेही खरंच बोलत असतात.

नुसती एक मालिका घेऊन हे सिद्ध होत नाही, असं म्हणाल तर दोन घेऊ. लांब मालिकेत लेखकाने करायचं सर्वांत मोठं धाडस म्हणजे वाचकांची लाडकी पात्रं काही काळ बाजूला ठेवून भलत्यांनाच पुढे आणणं. एरिक्सन यांनी ते २००४ मध्ये पाचव्या खंडात केलं. ‘मिडनाइट टाइड्स’मध्ये त्यांनी वाचकाला नव्या भूमीवर नेलं आणि जवळजवळ सगळी माणसं नवी दिली. मार्टिन यांनी २००५ मध्ये चौथ्या खंडात, ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये, काहीसं तेच केलं. कथा फार फुगली म्हणून तिची पात्रांनुसार वाटणी केली, आणि टिरियन व डेनेरिस या दोन लाडक्यांना पुढच्या खंडात ढकललं. पहिल्या प्रकाराला चाहते लेखकाची हिंमत म्हणतात आणि दुसऱ्याला लेखकाची घसरगुंडी. गुणवत्तेत फरक असेलही, पण तारखा पाहा. एरिक्सन यांच्या वाचकाने आधीच्या खंडानंतर दोन वर्षं काढली होती, मार्टिन यांच्या वाचकाने पाच. त्यातून मार्टिन यांनी त्याच पुस्तकाच्या शेवटी उरलेला भाग वर्षभरात येईल अशी आशा व्यक्त केली, आणि तो आला २०११ मध्ये. म्हणजे ज्या वाचकाचा जीव टिरियनमध्ये अडकला होता, त्याची २००० पासून २०११ पर्यंत, अकरा वर्षं, त्याच्याशी गाठ नाही. अशा माणसाने ‘फीस्ट’ला निर्लेप मनाने गुण द्यावेत ही अपेक्षा म्हणजे ताटकळलेल्या व्याह्याने श्रीखंडाची तारीफ करावी अशी अपेक्षा. पुढे काही चाहत्यांनी चौथ्या आणि पाचव्या खंडांतली प्रकरणं एकमेकांत गुंफून एकत्र वाचायचा क्रम लावला. तसं वाचणाऱ्यांना पूर्वी कंटाळवाणी वाटलेली युद्धानंतरची उजाड गावं, उपाशी शेतकरी, भटके साधू हेच त्या पुस्तकाचं वैभव वाटू लागल्याचं दिसतं. दोन खंडांतलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

आणि अक्षर न बदलता गुण बदलतात याचा सर्वांत स्वच्छ पुरावा रॉथफस. त्यांचे दोन्ही खंड आले तेव्हा भाषेच्या रकान्यात त्यांना भरभरून गुण होते. तेव्हाची वाक्यं आजही जशीच्या तशी आहेत. पण तिसरा खंड येईना तसतसे पहिल्या दोन खंडांचे गुणही उतरत गेले. ज्या नायकाच्या फुशारक्या पूर्वी खुमासदार वाटत, त्या आता पोकळ वाटू लागल्या. उलट सँडरसन यांचं बघा. वेळेवर खंड देणारा लेखक म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि त्या वक्तशीरपणाचे गुण त्यांना हळूच ‘कथानक’ या रकान्यात मिळून जातात. दुकान वेळेवर उघडतं म्हणून वाण्याची डाळही चांगली वाटते, त्यातला प्रकार.

याला दोन आक्षेप येतील, दोन्ही वजनदार. पहिला: अहो, अपूर्ण गोष्टीचे गुण कापलेच पाहिजेत. पहिल्या खंडात पेरलेलं शेवटच्या खंडात उगवलं नाही, तर पेरणीला तरी चांगली कशावरून म्हणायचं? हे मान्य. न आलेल्या खंडासाठी ‘शेवट’च्या रकान्यात शून्य द्या, तिथे दयामाया नको. पण त्या शून्याची शाई भाषेच्या आणि पात्रांच्या रकान्यांत झिरपू देऊ नका. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: वाट पाहणं हाही वाचनाचाच भाग नाही का? आपल्याला हे नव्याने शिकायला नको. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये १८९० पासून कादंबरी हप्त्यांनीच आली, आणि ‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकाने शिवी आणि आश्वासन अशा दोन्ही अर्थांनी वापरून झिजवला आहे. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात वाचक तर्क लढवतो, पात्रांची लग्नं लावतो, मोडतो. हा आनंद खोटा म्हणणारा मी कोण? पण तो आनंद ज्या काळातला, त्या काळापुरताच तो पुरावा. ‘पण लक्षात कोण घेतो’ आज बांधीव पुस्तकात वाचणाऱ्याला पुढच्या अंकाची हुरहुर नसते, आणि म्हणून त्याचं मत उणं ठरत नाही. दोघांनी आपापली तारीख लिहावी, इतकंच मागणं आहे.

तसबिरीतल्या आजोबांनाही हाच नियम लावून पाहू. टोल्किन तक्त्यात नेहमी वर असतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी कधी ‘रखडवलं’ म्हणत नाही. वास्तविक १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ आल्यावर प्रकाशकाने पुढचं पुस्तक मागितलं, त्याच डिसेंबरात त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला हात घातला, आणि ते छापून येता येता १९५४ उजाडलं. सतरा वर्षं! फरक एवढाच, की त्यांची रखडपट्टी घरातल्या घरात झाली, दार लावून. एकच कादंबरी तीन भागांत छापली गेली, पहिला भाग जुलै १९५४ मध्ये, दुसरा नोव्हेंबरात आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायक फ्रोडो शत्रूच्या तावडीत सापडतो आणि वाचकाला अकरा महिने तिथेच सोडलं जातं, कारण परिशिष्टं तयार नव्हती. तेव्हाच्या वाचकांनी बोटं मोडली असतीलच. आज तिन्ही भाग एका पुठ्ठ्यात वाचणाऱ्याला ते अकरा महिने पान उलटण्याइतके वाटतात. वाट पाहणाऱ्यांची पिढी गेली की वाट पाहणंही पुस्तकातून गळून पडतं.

अपूर्ण पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. टोल्किन १९७३ मध्ये गेले तेव्हा त्यांचं आयुष्यभराचं ‘द सिल्मरिलियन’ अर्धवट, कागदांच्या ढिगात पडलेलं होतं. ते मुलाने, ख्रिस्तोफरने, जुळवून १९७७ मध्ये छापलं. पुढे आपण वडिलांच्या कागदांना जास्तच इस्त्री केली अशी रुखरुख लागून त्याने मूळ खर्डेही बारा खंडांत प्रसिद्ध केले. जॉर्डन यांच्या बाबतीत वारस निवडला तो त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी. सँडरसन यांनी जॉर्डन गेल्यावर लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्यांच्या वाचनात आला, तिथून त्यांचं मत बनत गेलं. तरीही सांधा दिसतोच. मॅट या पात्राची थट्टा नव्या हातात आधी नीट उतरली नाही, हे स्वतः सँडरसन यांनी कबूल केलं आहे.

आणि हा सांधा आपल्या अगदी तोंडी आहे. आपण मराठीत या सगळ्या पुस्तकांना ज्या शब्दाने ओळखतो, तो ‘कादंबरी’ हा शब्दच एका अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहायला घेतली आणि ती पुरी व्हायच्या आत तो गेला. उरलेली मुलाने, भूषणभट्टाने, पुरी केली. दंतकथा अशी, की बाणाने दोघा मुलांना समोरच्या वठलेल्या झाडाचं वर्णन करायला सांगितलं. एकाने ते खडखडीत शब्दांत केलं, दुसऱ्याने मधाळ, आणि पोथी मधाळवाल्याला मिळाली. दंतकथा सोडून देऊ, पण भूषणभट्टाने आपल्या भागाच्या आरंभी स्वतःच दिलेलं कारण लाख मोलाचं आहे. हे काम मी कवित्वाच्या घमेंडीने हाती घेतलं नाही, कथा अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख पाहून घेतलं, अशा अर्थाचं तो लिहितो. म्हणजे पुढचा खंड आला नाही म्हणून हळहळणारे चाहते तेराशे वर्षांपूर्वीही होते, आणि तेव्हाच्या लेखकाला त्यांची कदर होती.

बाणाची लेखणी थांबली ती पत्रलेखा या पात्राच्या बोलण्यावर. ती नायिका कादंबरीची विरहव्यथा नायक चंद्रापीडाला सांगते आहे, सांगणं ऐन रंगात आलं आहे, आणि तिथेच बापाचा हात सुटतो. पंडितांनी पुढे बापाच्या आणि लेकाच्या शैलीची यथेच्छ तुलना केली, गुण वाटले, कापले. मधल्या काळात पत्रलेखा तशीच, बोलता बोलता, किती वर्षं उभी होती, त्या सज्जनांनी किती दिवाळ्या वाट पाहिली, ती तारीख मात्र कुठल्याच पोथीत नाही. त्यापायी ‘कादंबरी’चा अर्धाही गुण कुणी कापलेला नाही.