हरवलेली नाडी

माझ्या भाचीची नाडी गेल्या आषाढात हरवली. थट्टा नव्हे. मुलगी धडधाकट समोर बसलेली, आणि डॉक्टर तिच्या डाव्या मनगटावर तीन बोटे ठेवून नुसते गप्प!

वय २७. मार्गशीर्षात लग्न ठरलेले. तक्रार काय, तर वेणी घालताना डावा हात भरून येतो आणि दोरीवर कपडे वाळत घालताना मध्येच खाली घ्यावा लागतो. "दिवसभर तो कॉम्प्युटर बडवल्यावर दुसरे काय होणार?" हे ताईचे निदान. शेजारच्या काकूंनी तेल दिले. घरच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला, तर उजव्या हातात १४० आणि डाव्यात ८५! यंत्र बिघडले म्हणून मी ते दुकानदाराच्या अंगावर टाकून आलो. त्या यंत्राची येथे जाहीर क्षमा मागतो. घरात खरे बोलणारे ते एकटेच होते.

पुढे धमन्यांचे चित्र निघाले. डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी धमनी अरुंद झालेली. रोगाचे नाव ताकायासू आर्टेरायटिस, आणि पाठवणी संधिवाताच्या डॉक्टरांकडे! "मामा, माझा एक सांधा दुखत नाही हो," असे म्हणतच ती आत गेली.

डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार. त्या म्हणाल्या, "शरीराचा पहारेकरीच घरच्यांवर उलटतो. सांध्यांवर उलटला की एक प्रकारचा संधिवात, रक्तवाहिन्यांवर उलटला की हा दाह. नळात गाळ साचणे निराळे आणि नळाची भिंतच सुजून जाड होणे निराळे. तुमचे हे दुसरे."

आम्हांला वाटले होते, एकच रोग असेल. पण या दाहाचे घराणे मोठे आहे. कोणी बारीक वाहिन्यांना धरतो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे गाठतो. एक पन्नाशी उलटल्यावर कानशिलाच्या धमनीला धरतो आणि उपचारांत दिरंगाई झाली तर दृष्टी नेतो. भाचीने रात्रभर फोनवर या साऱ्या भाऊबंदांची माहिती वाचली आणि पहाटे रडत उठली. आपला पाहुणा कोणता, एवढेच आधी विचारून घ्यावे. बाकीच्यांची कुंडली मांडू नये.

तिचा पाहुणा महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांना धरणारा. बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना होणारा. १९०८ साली जपानात मिकितो ताकायासू या नेत्रवैद्याने एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात रक्तवाहिन्यांचे विचित्र कडे पाहिले. तेव्हा दुसऱ्या दोघा डॉक्टरांनी सांगितले, की आमच्याही अशा रोग्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. धागा तेथे जुळला.

औषध प्रेडनिसोलोन. त्याने चेहरा पुरणपोळीसारखा फुगला. पण ते मनाने एकदम बंद करायचे नाही, हे बाईंनी तीनदा बजावले. जोडीला मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकच दिवस. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतेल, म्हणून ताईने कालनिर्णयावर गुरुवारांना लाल खुणा केल्या आहेत. रक्तदाब मोजायचा तो उजव्या हाताचा. डावा खोटाच आकडा सांगणार. आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आत दाह विझलाच असे नाही, तेव्हा धमन्यांचे चित्र पुन्हा काढावे लागते.

राहिले लग्न. ताई म्हणाली, "आत्ताच कशाला सांगायचे?" मीही मान डोलावली, ही कबुली देतो. भाचीने मात्र मुलाला घरी बोलावले आणि फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्याने मुलांबद्दल विचारले. बाईंनी तिला सांगितले होते तेच तिने सांगितले: रोग शांत असताना पुष्कळजणींना होतात, पण मेथोट्रेक्सेट काही महिने आधी थांबवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तो "बरं" म्हणाला, चहा पिऊन गेला.

मग आठ दिवस तिकडून काही नाही. ताईने जेवण टाकले. भाची मात्र रोज कामावर जात होती.

परवा त्याची आई स्वतः आली. लग्न वैशाखात करू म्हणाली, तोवर गोळ्या उतरतील. जाताना फराळाचा डबा ठेवला आणि दारातून वळून सांगितले, "चकलीत मीठ बेताचेच घातले आहे हो."

भाचीने तिथेच डबा उघडला.