घराला व्हिसा लागत नाही, म्हणून...

हॉस्टेलवर सध्या एक स्वप्न फार जोरात आहे. नोकरी लागली की चार वर्षं पैसे साठवायचे, लग्न करायचं आणि दोघांनी मिळून जग बघायचं. तेही 'दहा दिवसांत सात देश' छापाचं नव्हे, तर सावकाश. एका गावात महिना-दोन महिने खोली घेऊन राहायचं, तिथल्या मंडईतून भाजी आणायची. याला म्हणतात 'स्लो ट्रॅव्हल'. 1986 साली इटलीत कार्लो पेत्रिनी यांनी फास्ट फूडविरुद्ध चळवळ उभी केली, तिचं नाव पुढे 'स्लो फूड' झालं. तोच 'स्लो' नंतर प्रवासालाही चिकटला.

माझा चुलत दादा आणि वहिनी गेली तीन वर्षं असेच राहतायत. दोघंही सॉफ्टवेअरची कामं घेतात, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो, म्हणून तिथल्या होई आन गावात त्यांनी जवळजवळ तीन महिने काढले. वहिनी शाकाहारी, सुरुवातीला तिचे हालच झाले. मग लक्षात आलं की ठरावीक दिवशी बाजारात शाकाहारी पदार्थ जास्त दिसतात. घरमालकीणबाईंनी उलगडा केला. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिकडचे पुष्कळ बौद्ध लोक मांस-मासे खात नाहीत. म्हणजे आपल्या संकष्टी-एकादशीसारखंच की! दोन दिवसांच्या टूरवाल्याला हे कुठून कळणार? म्हणूनच या लोकांना 'उडाणटप्पू' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

गेल्या दिवाळीत दोघं कराडला घरी आले. मोजून पाच दिवस. त्यात बँक, दाताचा डॉक्टर, वहिनीचं माहेर, दादाचे मित्र. शेवटच्या रात्री जेवताना दादा त्या घरमालकीणबाईंबद्दल सांगत होता. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून हाच त्यांचं सामान वर नेऊन द्यायचा. काकू वाढता वाढता म्हणाली, "मी पण वर्ष झालं माडीवर गेले नाही रे."

दादाची खोली माडीवरच आहे. पाचही दिवस काकू त्याला जेवायला खालून हाका मारत होती. आमचं एकत्र घर, पण ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या.

आधी मला दादाचाच राग आला. मग त्याची एक्सेल शीट आठवली. युरोपातल्या शेंगेन देशांत पर्यटक म्हणून कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. त्यामुळे तो एकेक दिवस लिहून ठेवतो. म्हटलं, आपणही घरासाठी अशी शीट करून बघू. कराड इथून एसटीने चार तास. गेल्या 180 दिवसांत मी घरी होतो 11 दिवस! त्यातले झोपेत किती आणि मोबाइलमध्ये किती, ते विचारू नका.

घराला व्हिसा लागत नाही. कोणी शिक्का मारत नाही, मुदत संपत नाही. त्यामुळे घरचे दिवस आपण कधी मोजतच नाही. 'सबमिशन असतात, वेळ कुठाय?' हे खरं आहे. 'रोज व्हिडिओ कॉल होतो की!' हेही खरं. पण व्हिडिओ कॉलवर काकू कायम बसलेलीच दिसते.

माझं म्हणणं एवढंच, की जग जरूर बघा, दादासारखंच सावकाश बघा. पण परक्या गावाला जो महिना देता, त्यातले निदान पंधरा दिवस घरालाही द्या. काही काम न काढता. बाबांबरोबर मंडईत जा, दुपारी आजीजवळ नुसते बसा, आई कुठल्या डब्यात काय ठेवते ते बघा. दादाने आता मेमध्ये महिनाभर यायचं ठरवलंय आणि लॅपटॉपचं टेबल खाली ओसरीवर ठेवायला सांगितलंय.

तेव्हा परीक्षा संपली की ट्रेकचा बेत जरा पुढे ढकला. त्याआधी ती शीट करा, दहा मिनिटांचं काम आहे. आकडा किती आला ते मेसमध्ये सांगा. 11 च्या वर असेल, तर चहा माझ्याकडून.