कंदिलाची कृती आणि भाषेचा तास

बालकांच्या लेखनाचा श्रीगणेशा कशाने करावा, या प्रश्नाचा आपल्या प्राथमिक शाळांतून फारसा विचार झालेला दिसत नाही. ‘माझा आवडता सण’ हा विषय फळ्यावर लिहावयाचा, मुलांनी ठरावीक दहा वाक्ये वहीत उतरवावयाची आणि शिक्षकांनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तांबड्या शाईने दाखवावयाच्या, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माझे मत असे की, दुसरी-तिसरीतल्या मुलाने पहिले स्वतंत्र लेखन करावयाचे, ते स्वतःच्या हातांनी घडविलेल्या वस्तूची कृती दुसऱ्या मुलासाठी लिहून करावे.

दिवाळी जवळ आली की मुलुंड-बोरिवलीच्या चाळींतून व सोसायट्यांतून मुले जो साधा कागदी कंदील करतात, तोच घ्यावा. घोटीव कागदाची लांबट घडी घालावयाची, घडीच्या बाजूने समांतर काप द्यावयाचे, मोकळ्या कडेपाशी दोन बोटे जागा राखावयाची, मग कागद उलगडून, त्याची नळी करून कडा खळीने चिकटवावयाच्या, एवढीच ती कृती. परंतु लिहावयास बसल्यावर मूल ‘कागद दुमडा आणि कापा’ एवढ्यावरच थांबते, कारण कोणत्या बाजूने आणि कुठवर कापावयाचे हे त्याच्या हातांना इतके ठाऊक झालेले असते की, ते सांगावयास हवे याची त्याला जाणीवच नसते. आता हा कागद शेजारच्या बाकावरील सोबत्याच्या स्वाधीन करावा आणि लिहिणाऱ्याने चकार शब्द न काढता नुसते पाहत राहावे. सोबत्याने मोकळ्या कडेने कात्री चालविली, तर कंदिलाऐवजी झिरमिळ्या हाती येतात. काप आरपार गेला, तर नुसत्या पट्ट्या उरतात. आपल्या वाक्यात काय उणे राहिले, याचा त्या क्षणी जो बोध होतो, तो तांबड्या शाईने व्हावयाचा नाही. आणि मग ‘आधी’, ‘नंतर’, ‘पासून’, ‘पर्यंत’ ही व्याकरणाच्या पुस्तकात निर्जीव वाटणारी अव्यये ते मूल गरजेपोटी आपण होऊन शोधू लागते. घाटकोपर-मुलुंडसारख्या वस्तीत, जेथे वर्गातल्या कित्येकांच्या घरी गुजराती वा हिंदी बोलली जाते, तेथे तर असा वाचक लाभणे हे भाग्यच होय. मराठी वाक्य त्याला कळले की नाही, याचा दाखला त्याच्या हातातला कंदीलच देतो.

हा विचार आपल्याच भूमीतला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगास शिक्षणाच्या मध्यभागी स्थान दिले, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यानुसार अभ्यासक्रमाचा मसुदा सिद्ध केला. भाषा, गणित आदी विषयांचा उद्योगाशी समवाय साधावा, हे त्या योजनेचे मर्म होते. त्या उद्योगातली सूतकताईची टकळी शाळेतून गेली ती कालमानाने गेली. समवाय जाण्याचे मात्र काहीच कारण नव्हते, आणि त्याची हानी आजही आपण सोसत आहोत. कार्यानुभवाचा तास एकीकडे, भाषेचा तास दुसरीकडे. आणि ‘प्रकल्प’ म्हणून जे शाळेत रुजू होते, ते पुष्कळदा लोकलचा प्रवास करून थकून आलेल्या आईने रात्री जागून पुरे केलेले असते. ज्या कामात मुलाचा हातच लागला नाही, त्याविषयी त्याने लिहावे तरी काय?

वर्गात मुले फार, मग इतकी लेखने तपासावयाची कोणी, अशी तक्रार होईल. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले आहे आणि तीस वह्या हाही लहान भार नव्हे. पण येथे पहिला तपासनीस सोबतीच असल्याने शिक्षकाने केवळ अडलेल्या ठिकाणी लक्ष पुरविले तरी चालते. ज्याला अजून वाक्य जुळवता येत नाही, त्याने चित्र काढावे. जपानचे अकिरा योशिझावा यांनी कागदाच्या घड्यांसाठी तुटक रेघा आणि बाण यांची जी चिन्हपद्धती रचली, तिच्या आधारे आज जगभरचे लोक परस्परांची भाषा न जाणताही घड्या घालतात.

तेव्हा महापालिकेच्या शिक्षण खात्याने दिवाळीपूर्वीच्या सत्रात भाषेचा एक तास कार्यानुभवाच्या तासाला जोडून देण्याची तजवीज करावी, आणि कागद, खळ व बोथट टोकाच्या कात्र्या शाळेनेच पुरवाव्यात. गुणांची तरतूद मात्र त्यास मुळीच करू नये. गुण ठेवले की तयार कृती छापलेल्या मार्गदर्शिका बाजारात येतील आणि मुले त्या पाठ करू लागतील.