आधी मोजमाप, मग डागडुजी

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी कोसळला. जवळजवळ शंभर मीटर उंचीचे ते विटांचे बांधकाम जागच्या जागी ढासळले, चौकात डोंगराएवढा ढीग झाला. आणि तरीही त्याखाली एकही माणूस सापडला नाही. हा दैवयोग नव्हता. आधीच्या आठवड्यात भिंतीला भेगा पडल्याचे ध्यानात येताच त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटविण्यात आल्या होत्या. भिंत हलली की काच तडकते, एवढेच त्यामागील शास्त्र. काचा तडकल्या, भेगा रुंदावल्या आणि चौक वेळीच मोकळा करण्यात आला. त्याच इटलीत ८६ वर्षांनी, १७ मार्च १९८९ रोजी, पाविया गावचा मध्ययुगीन नगरमनोरा असाच क्षणार्धात जमीनदोस्त झाला. त्या वेळी कोणास कसलीही सूचना मिळाली नाही. चार माणसे मेली.

विद्या पुढे गेलेली असताना परिणाम उलटा का झाला, हा प्रश्न इटालियन लोकांनी स्वतःला विचारला, हे त्यांचे मोठेपण होय. ना भूकंप झाला होता, ना पाया खचला होता. मिलानच्या तंत्रविद्यापीठात लुइजिया बिंदा यांच्या पथकाने ढिगाऱ्यातून काढलेल्या भिंतीच्या तुकड्यांवर प्रयोग केले. त्यांतून निघालेले उत्तर सामान्य माणसाच्या समजुतीला धक्का देणारे आहे. मनोऱ्याची भिंत जाड होती खरी, परंतु बाहेरून व आतून विटांचा पातळ थर आणि मध्ये दगडगोटे व चुन्याची भर, अशी तिची रचना होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या माथ्यावर दगडी घंटाघराचा प्रचंड बोजा चढविण्यात आला. तो बोजा भिंतीने पेलला, पण शतकानुशतके पेलता पेलता तिच्या पोटात केसाएवढे तडे पडत गेले व एकमेकांना मिळत गेले. जे बांधकाम चारशे वर्षे उभे राहिले ते आणखी चारशे वर्षे उभे राहीलच, असे आपण सहज म्हणतो. पावियाने दाखवून दिले की, काही बांधकामांच्या बाबतीत प्रत्येक सरते वर्ष हे शिलकीतून वजा होत असते.

ही झीज बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. ती पाहण्यासाठी भिंत फोडावी, तर जे राखावयाचे तेच आपण नष्ट करतो. म्हणून वास्तूला इजा न करता तिची परीक्षा करण्याचे शास्त्र गेल्या काही दशकांत वाढले. त्याचे मूळ तत्त्व आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. मडके घेताना ते वाजवून घ्यावे, असे त्या म्हणत. भिंतीच्या एका अंगाला हलका ठोका देऊन तो दुसऱ्या अंगाला किती वेळात पोचतो हे मोजले, तर आतील पोकळी वा भुसभुशीतपणा कळतो. कारण पोकळीत ध्वनी मंदावतो. रडारच्या लहरी सोडून आतील थर ओळखता येतात. उष्णतेचे छायाचित्र घेणारा कॅमेरा भिंतीत मुरलेला ओलावा व गिलाव्याखाली बुजविलेल्या जुन्या कमानी दाखवितो. यांहून चतुर पद्धत म्हणजे १९८० च्या सुमारास बेर्गामो येथील इस्मेस या संस्थेत पाओलो रोस्सी यांनी खाणकामाच्या शास्त्रातून इमारतींसाठी आणलेली. दोन थरांमधील चुना काढून एक बारीक चीर पाडावयाची. वरच्या भारामुळे ती चीर मिलिमीटरच्या काही अंशाने मिटते. मग तिच्यात पोलादी पाकीट सरकवून त्यात तेलाचा दाब वाढवीत जावयाचा. चीर मूळ रुंदीला आली की, त्या वेळचा दाब म्हणजे, थोडीफार दुरुस्ती धरून, भिंतीवरचा प्रत्यक्ष भार. काम संपल्यावर पुन्हा चुना भरला की झाले. भिंत किती भार वाहते आहे हे खुद्द भिंतीच्याच तोंडून वदवून घेण्याचा हा प्रकार आहे.

मात्र एकदा केलेली परीक्षा पुरेशी नसते. वास्तू उन्हाळ्यात फुगते व थंडीत आकसते. तिच्या भेगा ऋतुमानाप्रमाणे उघडतात आणि मिटतात. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरील ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला मोठ्या भेगा आहेत. १९८० नंतरच्या दशकात त्यावर दीडशेहून अधिक मोजयंत्रे बसविण्यात आली, ती याचसाठी. वार्षिक श्वासोच्छ्वास वजा करून उरते ती खरी वाढ, आणि ती ओळखण्यास वर्षानुवर्षांची नोंद लागते. एका दुपारी येऊन, चार छायाचित्रे काढून अहवाल लिहिणाऱ्यास ती सापडणे अशक्य आहे.

पिसाच्या कलत्या मनोऱ्याची कथा या दृष्टीने मुद्दाम वाचण्याजोगी आहे, कारण ती एका परीने दुरुस्त्यांच्या अपायाची कथा आहे. १८३८ साली पायथा मोकळा करून दाखविण्यासाठी त्याभोवती खणण्यात आले, तो मनोरा अधिक कलला. १९३४ मध्ये पाया बळकट करण्याच्या उत्साहात त्यात शेकडो भोके पाडून सिमेंट भरण्यात आले, तो पुन्हा कलला. परंतु १९११ पासून त्याचा कल नियमाने मोजला जात होता, आणि १९३४ पासून आत लंबकही टांगलेला होता. त्यामुळे कोणत्या उपायाने अपाय झाला, हे कागदावर राहिले. पावियाच्या दुर्घटनेनंतर जानेवारी १९९० मध्ये मनोरा लोकांसाठी बंद झाला व तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. १९९३ मध्ये उत्तर बाजूस सहाशे टन शिसे ठेवण्यात आले. सप्टेंबर १९९५ मध्ये जमीन गोठवून खोल नांगर घालण्याचे काम सुरू होताच, एरवी वर्षभरात कलावा तेवढा मनोरा एका रात्रीत दक्षिणेकडे सरकला. मोजयंत्रांनी हे सांगितले, काम तत्काळ थांबले आणि शिसे वाढविण्यात आले. पुढे उत्तरेच्या बाजूची माती थोडी थोडी काढून घेत मनोरा सुमारे अर्धा अंश मागे आणण्यात आला, आणि डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. ते काम करणारे विद्वान होते यात शंका नाही. पण १९३४ मधील मंडळीही अडाणी नव्हती. फरक होता तो प्रत्येक पावलागणिक मोजण्याचा व आकडा प्रतिकूल निघताच थांबण्याचा.

आता आपल्याकडे वळू. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षांवरील इमारतींची संरचना तपासणी सक्तीची आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु या तपासण्यांत सर्रास वापरली जाणारी साधने, विशेषतः पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारी हातोडी, काँक्रीटसाठी घडविलेली आहेत. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर ती आपटून मिळणारा आकडा त्या एका दगडाचा असतो. भिंतीच्या पोटातील भरीविषयी तो काहीही सांगत नाही. तरीही असा आकडा तक्त्यात मांडला की त्यास शास्त्राची प्रतिष्ठा लाभते! आणि त्याच्या आधारे इमारत पाडावी की राखावी, असे निर्णय होऊ शकतात. काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, जेथे ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, त्या बिडाच्या सांगाड्याच्या इमारतीविषयी २०१९ मध्ये तज्ज्ञांचेच दोन तट पडले. एकाने ती पाडण्याजोगी ठरविली, तर दुसऱ्याने दुरुस्त होण्याजोगी. कोण बरोबर, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. २००५ मध्ये तिचा सज्जा कोसळून माणूस मेला होता. त्यानंतरच्या चौदा वर्षांत तिच्या खांबांचे व भेगांचे सलग मोजमाप होऊन ते दोन्ही पक्षांपुढे असते, तर वाद मतांचा न राहता आकड्यांचा झाला असता.

महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश आमदानीतला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या व त्यांतील माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे शासनानेच सांगितले. पाहणी करणाऱ्याने कामचुकारपणा केला असे येथे सुचवावयाचे नाही. पुराच्या पाण्यातील पुलाचे दुखणे बहुधा पायथ्याशी, नदीच्या तळाशी असते, आणि तेथे नुसती नजर पोचत नाही. ‘पाहणी’ हा आपला सरकारी शब्दच मोठा बोलका आहे.

यावर पैशाचा आक्षेप घेतला जातो. शाळेला छप्पर नसताना बुरुजांवर यंत्रे कसली बसविता, हा प्रश्न रास्त आहे. पण पिसाचा लंबक म्हणजे तारेला टांगलेले वजन, आणि व्हेनिसची काच म्हणजे काच. सार्वजनिक बांधकाम खात्यातील जुने ओव्हरसियर भेगेवर काचपट्टी बसवून तिच्यावर तारीख घालीत असत. ती रीत मोडली ती खर्चामुळे नव्हे, तर ती पट्टी पुन्हा येऊन पाहणे व लिहून ठेवणे हे कोणाचेच काम उरले नाही म्हणून. भारी यंत्रे विकत घेऊन त्यांचे आकडे संगणकात कुजत ठेवण्यापेक्षा, महिन्याला एकदा जाऊन एक आकडा लिहिणारा माणूस परवडला. रडार आणि तेलाची पाकिटे मोजक्या ठिकाणी, मोजक्या प्रश्नांसाठी आणावीत.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. काही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तर काही राज्याकडे. या मान्यतेपाठोपाठ पायऱ्या, फरसबंदी व रोषणाई यांच्या योजना येतील, आणि त्यांची उद्घाटनेही होतील. तटांच्या भिंती मात्र बहुतेक पावियाच्याच जातीच्या आहेत : दोन्ही बाजूंस घडीव चिरे व मध्ये भर. दर पावसाळ्यात त्या भरीतला चुना धुपतो, पिंपळाची मुळे सांधे उकलतात, आणि वरून सिमेंटचे दरजे भरले की आतले पाणी आतच कोंडते. कोणता बुरूज किती फुगला आहे, तो दर वर्षी किती पुढे येतो, याची किल्लावार नोंदवही ठेवावी. ती ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव तिच्यावर असावे, आणि ती कोणाही शाळामास्तराला वा विद्यार्थ्याला मागताच पाहावयास मिळावी. येत्या पावसाळ्यापूर्वी अकराही गडांवरील फुगलेल्या तटांची पहिली मापे घेऊन ती प्रसिद्ध करावीत. दुसरी मापे पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास घेता येतील.