जोड म्हणजे नुसता ठिपका नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, विद्युतमंडलाची आकृती काढताना दोन तारा जिथे मिळतात तिथे तुम्ही एक काळा ठिपका देता आणि पुढे जाता. आम्ही शिक्षकही त्या ठिपक्यावर कधी प्रश्न विचारत नाही. ही आपल्या शिकवण्यातली मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

कारखान्यातला नेटवर्क स्विच पाहा. यंत्रे, मोजमापाची उपकरणे आणि संगणक यांच्यातले संदेश ज्याचे त्याला पोचवणारी ही लहानशी पेटी. तिच्यावरच्या खाचांना पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये जाणाऱ्या तांब्याच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. तो कशासाठी? शेजारी मोटार सुरू झाली की तिचे बदलते चुंबकीय क्षेत्र या तारांमध्ये विद्युतदाब निर्माण करते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रवर्तन ते हेच! पिळामुळे एका वेढ्यात निर्माण झालेला दाब पुढच्या वेढ्यात उलट दिशेने येतो आणि दोन्ही एकमेकांना जवळजवळ नाहीसे करतात.

पण प्लग बसवताना पीळ थोडा सोडवावाच लागतो. नेहमीच्या केबलसाठी त्याची मर्यादा आहे १३ मिलिमीटर. घाईत कोणी पाच सेंटिमीटर सोडवला, तरी पोर्टवरचा दिवा लागतोच. मोठी मोटार सुरू झाली की मात्र संदेश गहाळ होऊ लागतात, आणि दोष सगळेजण पेटीत शोधत बसतात.

घरातला प्लग प्लॅस्टिकच्या लहानशा जिभेवर अडकून राहतो. हादरणाऱ्या यंत्राजवळ तो भरवशाचा नाही. तिथे १२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा, फिरवून घट्ट बसणारा जोड वापरतात. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. त्यापुढे काचतंतू. काचेत मोटारीमुळे विद्युतदाब निर्माण होण्याचा प्रश्नच नाही. पण लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा असतो जेमतेम नऊ मायक्रॉनचा. जोडाच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला, तरी प्रकाशाची वाट अडते.

आमच्या प्रयोगशाळेत वेगळे काय घडते? विभवमापीच्या प्रयोगात काटा थरथरू लागला की विद्यार्थी घट बदलतो, गॅल्व्हानोमीटर बदलतो. तारेचे टोक पॉलिश पेपरने घासून स्क्रूखाली घट्ट आवळण्याचे त्याला सुचत नाही. सुचावे तरी कसे? गुण असतात वाचनांना आणि आलेखाला. मला विचाराल तर, वाचने घेण्यापूर्वी नुसती जोडणी तपासून तिचे वेगळे गुण द्यावेत. याला वेळ लागेल, अशी कुरकुर होईल. (माझे काही सहकारी आजही करतात.) बिघडलेल्या प्रयोगावर जाणारा वेळ मात्र कोणी मोजत नाही.

टाकाऊ नेटवर्क केबल मिळाली तर तिचे वरचे आवरण दहा सेंटिमीटर सोला. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा प्रत्येक जोडीचे वेढे मोजा. आकडे सारखे येणार नाहीत. तसे का केले असावे, याचा विचार शेजारी असलेल्या जोड्यांकडे पाहून करा.