हायड्रोजन हिरवा, पण वीज कोणाची?

रत्नागिरी जिल्ह्यात विकास नेहमी इंधनाचे नाव घेऊनच अवतरतो. दाभोळला वायू, जैतापूरला अणू, नाणार-बारसूला तेल. आता हायड्रोजनचा जयघोष चालू आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचे अभियान मंजूर केले. त्याच वर्षी महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचे धोरण आणले.

या तंत्राला आमचा विरोध नाही. पाण्यातून वीज खेळवायची, मध्ये आयन-विनिमय पटल ठेवायचे. पटल धनभारित हायड्रोजन तेवढा पलीकडे जाऊ देते आणि दोन्ही वायू वेगळे राहतात. पारा टाकून देऊन पटलांकडे वळलेल्या आपल्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतील कामगाराला यात नवल वाटणार नाही.

पाणी संपेल, अशी ओरड आमचेच काही मित्र करतात. ती नेम चुकलेली आहे. एक किलो हायड्रोजनला मुळात नऊ लिटर पाणी लागते, शुद्धीकरणामुळे काहीसे अधिक. कोयनेचे पाणी तर वीज निर्माण करून वाशिष्ठीवाटे समुद्राला मिळतेच आहे. खरी मेख विजेत आहे. किलोमागे सुमारे पन्नास युनिट! वर्षाला एक लाख टन हायड्रोजन हवा, तर पाचशे कोटी युनिट, म्हणजे अहोरात्र चालणारे ५७० मेगावॉट. ही वीज कोळशाची असेल तर किलोमागे सुमारे ४५ किलो कर्बवायू हवेत जाईल. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्याच्या जुन्या पद्धतीच्या चौपट. केंद्राच्या व्याख्येत 'हिरव्या'ची मर्यादा दोन किलोंची आहे खरी, पण ती बारा महिन्यांच्या सरासरीवर. सरासरीच्या आडोशाला काय काय लपते, हे शेतमजुराला विचारावे.

आणि सवलती? वीजवहन आकारात सूट, वीजशुल्क माफ. हा भार अखेर इतर ग्राहकांच्या देयकावर आणि राज्याच्या तिजोरीवरच पडणार. दाभोळ आठवा. एन्रॉनने वायूचे आश्वासन दिले, प्रत्यक्षात नाफ्ता जाळला; महाग विजेपायी वीजमंडळ मेटाकुटीस आले, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि कंपनीचे दिवाळे निघाले. निस्तरण्यास २००५ मध्ये एनटीपीसी व गेल या सार्वजनिक कंपन्याच धावल्या.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. कोकणात हायड्रोजन प्रकल्प येणार असेल, तर त्याची वीज नव्याने उभारलेल्या सौर-पवन केंद्रांचीच असावी, करार विधिमंडळापुढे उघडे ठेवावेत, आणि पहिला हायड्रोजन परदेशी जहाजावर न चढता थळच्या राष्ट्रीय केमिकल्सच्या खत कारखान्यात जावा. पटलांचे संशोधन भावनगरच्या सरकारी संस्थेत दीर्घकाळ चालू आहे. परदेशी पटलांवर पैसा ओतण्याआधी त्या संशोधकांना निधी द्यावा.