अंगठ्याची किंमत तीस टक्के



अवसरी बुद्रुक माझं गाव. तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. घोडेगावला कचेरी, मंचरला बाजार, पारगावला साखर कारखाना. डिंभे धरणाचं पाणी तालुक्यात फिरलं तसा ऊस वाढला, जर्सी गायी आल्या, आणि गायींच्या मागोमाग विजेवरची कडबाकुट्टी आली. या प्रगतीत आमच्या वस्तीच्या वाट्याला काय आलं? कडबाकुट्टीच्या तोंडात वैरण सारायचं काम.

माझा थोरला चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, एका मळ्यावर रोजानं होता. मागच्या पावसाळ्यात ओली मका यंत्रात अडकली. त्यानं हात घातला, यंत्रानं अंगठा घेतला. उजव्या हाताचा, मुळापासनं. मळेवाल्यानं त्याला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेला, मलमपट्टीचे पैसे भरले, वर पाचशेच्या चार नोटा हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "बरा झाला की ये." दादा बरा झाला, गेला. तवर त्याच्या जागी दुसरा गडी लागला होता. दहा बोटांचा.

मग कुणीतरी सांगितलं, अपंगाचा दाखला काढ, सरकार पगार देतं. दादानं तीन खेपा घातल्या. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा मशीन बंद, तिसऱ्यांदा तपासलं. तीन दिवसांचा रोज बुडाला, एस.टी.चं भाडं गेलं. शेवटी कार्ड आलं. पांढरं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, या कार्डाला रंग असतात. ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर निळं. ४० ते ८० च्या मधलं असेल तर पिवळं. ४० च्या खाली असेल तर पांढरं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं आरक्षण ४० च्या रेघेवर सुरू होतं. संजय गांधी निराधार योजनेचा पैसाही ४० च्या वरच्यालाच. दादाच्या कार्डावर आकडा आहे ३०.

म्हणजे सरकारच्या हिशेबात दादा पुरेसा अपंग नाही आणि मळेवाल्याच्या हिशेबात तो कामाचा नाही. मग दादा आहे तरी कोण?

हा तीसचा आकडा आजचा नाही. इंग्रजांनी १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला, त्याच्या मागं एक तक्ता जोडला. त्या तक्त्यात कामगाराचं अंग सुटं करून मांडलंय. अंगठा गेला, ३० टक्के. दोन बोटं, २०. तीन बोटं, ३०. चार बोटं, ५०. खाटकाच्या दुकानातल्या भावफलकासारखं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला, पण अंग मोजायची रीत गेली नाही. द्रोणानं एकलव्याचा अंगठा घेतला तेव्हा टक्केवारी काढली नव्हती. त्याला पक्कं ठाऊक होतं की धनुष्य ओढणाऱ्याचा अंगठा गेला म्हणजे सगळा धनुर्धर गेला. द्रोणाला जे कळलं ते आमच्या फायलींना कळत नाही. फायलीत हमालाचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा एकाच भावाचा. कारकून बिनअंगठ्याचा संध्याकाळी घरी पगार घेऊन जाईल. ज्याला खुरपं धरायचं, पोतं उचलायचं, गाईची कासंडी उचलायची, त्याच्या हातात अंगठ्यावाचून काय टिकतं?

आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर. त्यातली कामावर असलेली शंभरात ३६. पुरुषांत ४७, बायांत २३. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीनं पुन्हा मोजणी केली. पंधरा वर्षांवरच्या शंभर अपंगांत काम करणारे आणि काम शोधणारे मिळून चोवीसही भरले नाहीत. आणि गंमत ऐका, बेकारीचा दर निघाला फक्त ४.२ टक्के! कारण जो काम मागायचं थांबला तो सरकारी व्याख्येत बेकार धरत नाहीत. दार वाजवून वाजवून हात दुखला, माणूस पायरीवर बसला, की लगेच त्याला यादीतनं काढायचं. त्याच पाहणीत अपंगत्वाचा दाखला होता शंभरात जेमतेम २९ जणांकडे. बाकीचे ७१ कागदाबाहेर. दादाच्या तीन खेपा आठवा म्हणजे हे ७१ कुठून आले ते कळेल.

आणखी एक आकडा आपल्यासाठी. सगळ्या लोकसंख्येत अपंग २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५. कुणी म्हणेल, किती किरकोळ फरक! किरकोळ नाही. हा फरक आईच्या पोटातल्या उपासमारीचा आहे, वेळेवर न मिळालेल्या डोसाचा आहे, गटारीतल्या वायूचा आहे, खाणीचा, भट्टीचा, कडबाकुट्टीचा आहे. जातीनं कामं वाटून दिली तेव्हाच कुणाची बोटं तुटणार हेही वाटून दिलं.

आणि तुटल्यानंतर? अपंगत्व सगळ्यांना सारखंच, असं सांगणारे भेटतात. आमच्या भागात येऊन बघा. ज्याच्या घरी बागायत आहे त्याचा पाय अधू असला तरी सातबारा धडधाकट असतो. तो ओट्यावर बसून गडी सांगतो, दुधाचा हिशेब ठेवतो, लोक त्याला शेठ म्हणतात. आमच्याकडं विकायला अंग तेवढंच. अंगातला तुकडा गेला की आमची जमीन गेली, दुकान गेलं, बँक गेली. त्या दिवसापासनं माणसाचं नावही जातं. तो थोटा होतो, लंगडा होतो, आंधळा होतो.

नावावरनं आठवलं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरनं सुचवलं, विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. लगोलग पाट्या बदलल्या. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्यात दिव्यांग कल्याण विभागही वेगळा झाला. विभाग झाला त्याला विरोध नाही. पण हा शब्द ऐकला की आपल्या कानात दुसरा एक शब्द वाजतो. हरिजन! आम्हालाही असंच देवाच्या घरात नेऊन बसवलं होतं, आणि पाणवठा होता तिथंच ठेवला होता. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात त्या शब्दाच्या निषेधार्थ बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभागृह सोडून बाहेर पडले. का? कारण गोड नाव हे हक्काच्या जागी दिलेलं खोटं नाणं असतं. दादाच्या हाताला दिव्य काही नाही. तिथं एक खड्डा आहे, थंडीत ठणकतो.

आता कायद्याकडं. संविधानाच्या ४१ व्या कलमात काम, शिक्षण आणि बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिला आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या, आधी १९९५ च्या कायद्यात ३ होत्या. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, पगार तोच ठेवून झेपेल ते दुसरं काम द्यावं लागतं. चांगलं कलम आहे, पण ते सरकारी आस्थापनेपुरतं. मळ्यावर, वीटभट्टीवर, नाक्यावर, कंत्राटी टोळीत ते पोचत नाही. खाजगी मालकाला सक्ती नाहीच. त्याच्या कामगारांत ५ टक्के अपंग असावेत म्हणून सरकारनं त्याला सवलतीचं आमिष दाखवायचं. मालकाला सवलत आणि मजुराला वाट बघणं.

राहिला निराधाराचा पैसा. २०२५ च्या जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंनी अन्नत्याग केला, त्यात अपंगांना महिना सहा हजार ही एक मागणी होती. त्याच वर्षी सरकारनं अपंगांचे दीड हजाराचे अडीच हजार केले. ते मिळायला ४० टक्के पाहिजेत आणि घराचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत पाहिजे. हिशेब करा, सगळ्या घराला दिवसाला १३७ रुपये. म्हणजे घरातल्या बाईनं नेमानं खुरपायला जाऊन चार पैसे आणले तर नवऱ्याचा पैसा बंद. जगायचं असेल तर आधी मरणाच्या जवळ जाऊन उभं राहा, असा तो नियम.

इथपर्यंत व्यवस्थेला शिव्या दिल्या. सोपं आहे ते, माझ्या तोंडात बसलंय. आता माझं सांगतो.

दादा दिवाळीनंतर मुंबईला आला. दोन दिवस माझ्या खोलीवर राहिला. मी गोदीत कंत्राटी टोळीत आहे. दादा म्हणाला, "बारक्या, तुझ्या मुकादमाला सांग की. काय पण काम करीन." मी त्याच्या हाताकडं बघितलं आणि म्हणालो, "दादा, फाळक्यात शिडीनं उतरावं लागतं, हूक धरावा लागतो, तुला नाय जमायचं." तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला.

मी मुकादमाला विचारलंच नाही, दोस्तहो. मुकादमाचं काम मीच केलं. मला भीती होती की मुकादम हसेल, टोळीतली पोरं म्हणतील ह्याचा भाऊ थोटा. पण धक्क्यावर पोती मोजायला अंगठा लागत नाही. गेटवर पास बघायला लागत नाही. फाळक्याच्या काठावर उभं राहून क्रेनवाल्याला इशारा करायला शिकावं लागतं, पण अंगठा लागत नाही. ही कामं आहेत, मी ती रोज बघतो. मुकादमानं नाही म्हटलं असतं कदाचित. ते नाही त्याच्या तोंडनं यायला पाहिजे होतं, माझ्या नाही.

आणि आपण सगळे असेच आहोत. आपली बैठक चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्यानं. कुबडीवाला कॉम्रेड खाली पानपट्टीशी उभा राहून परत गेला तर आपल्याला कळतही नाही. आपल्या कविता बघा. आंधळा न्याय, बहिरं सरकार, लंगडी लोकशाही, पांगळा समाज. माझ्या स्वतःच्या वहीत असल्या ओळी डझनभर निघतील. आमच्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरणाऱ्याची कॉलर आपण धरतो, आणि दुसऱ्याचं शरीर शिवी म्हणून वापरताना आपली जीभ अडखळत नाही. पुढच्या अंकापासनं या पानांवर असली उपमा छापणार नाही. पाठवू नका.

आता कामाचं बोलू.

एक. शेतावर विजेच्या यंत्रावर राबणारा मजूरही नुकसानभरपाईच्या कायद्यात बसतो. अपघातापासनं दोन वर्षांत दावा लावावा लागतो. आणि तक्त्यातला टक्का म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. १९७५ साली सुप्रीम कोर्टानं एका सुताराचा खटला निकालात काढला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापला होता. कोर्ट म्हणालं, एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून याचं नुकसान पूर्ण धरा. हा निकाल आपल्या प्रत्येक पोराच्या खिशात पाहिजे.

दोन. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा अपंगांवर खर्च करायचा असतो. आपापल्या गावच्या ग्रामसभेत उभं राहून तीन वर्षांचा हिशेब मागा. शांतपणे मागा, लेखी मागा.

तीन. शेतजमीन आणि घरं वाटताना अपंगांना ५ टक्के आरक्षण कायद्यात आहे, त्यात अपंग बायांना प्राधान्य आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. गायरानाची मागणी आपण आजही करतो. त्या मागणीच्या अर्जात हे कलम घाला.

चार. चाळीसच्या रेघेविरुद्ध बोला. शरीर किती टक्के गेलं एवढंच विचारू नका, रोजगार किती टक्के गेला ते विचारा.

दादाचा दावा आपण लावतो आहोत. अडचण वेगळीच आहे. मळेवाला म्हणतो, हा माझा मजूर नव्हताच, सहज आला होता. हजेरीचं पुस्तक नाही. बघणारे चौघे होते, चौघेही आमच्या वस्तीतले, चौघेही अजून त्याच मळ्यावर जातात. साक्ष दिली तर त्यांचा रोज जाईल. मी त्यांना भ्याड म्हणणार नाही, मी स्वतः मुकादमापुढं तोंड उघडलं नाही. पण त्यातला एकजण परवा फोनवर म्हणाला, "दावा लागंपर्यंत घरचं कोण बघल?" हा सवाल त्यानं मला केला नाही, आपल्या सगळ्यांना केला आहे. साक्षीदाराचा बुडालेला रोज भरून देणारी चळवळ पाहिजे, तरच साक्ष उभी राहील. या महिन्याच्या पगारातनं चार रोज मी बाजूला काढले आहेत. ज्याला जमेल त्यानं एक रोज काढावा.

अर्ज लिहून झाला. दादाला सही येत नाही. खाली त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

जयभीम.